वाळ्याची ताटी आणि उमरेड रोड

आमच्या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली आहे. त्यामुळे ती तापू लागली की आधी बसणाऱ्याला कळतं, मग डॅशबोर्डवरच्या तापमानाच्या काट्याला. त्या सकाळी नागपूरच्या नंदनवनातून निघालो तेव्हा मी बाबांच्या शेजारी बसले होते आणि दिघोरी मागे पडेपर्यंत कितीतरी वेळा सीटखाली हात घालून पाहिला होता.

"काहून चुळबूळ करून राहिली वं?" बाबा म्हणाले. "जुनी गाडी हाय. थोडी तं गरम होईनच."

बाबा शाळेची मुलं ने-आण करतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत व्हॅन दारापुढे झाकून ठेवलेली असते. पण नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे दिवस) लागला आणि नेमका तेव्हाच उमरेडहून मोठेबाबांचा फोन आला. मोठेबाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. आमचं घराणं विणकरांचं, पण त्यांच्या गल्लीत आता त्यांचा एकट्याचाच हातमाग चालतो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दिवाळीपासून आम्ही त्यांना नागपुरात धंतोलीच्या डॉक्टरकडे चला म्हणून विनवत होतो आणि ते दरवेळी काहीतरी कारण काढत होते. त्या फोनवर मात्र ते म्हणाले, "उद्या नेत असशील तं येतो. परवा म्हणशील तं मी काही येत नाही."

बाबांनी रात्रीच व्हॅनवरचं कापड काढलं. डॉक्टर पाचपर्यंत पाहतात. त्याच्या आत मोठेबाबांना तिथे पोचवायचं, एवढंच काम होतं. ते हुकलं तर हा माणूस पुन्हा 'हो' म्हणणार नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

माझ्या वर्गातल्या मुली सुट्टीत डोंगर आणि समुद्र पाहून येतात आणि त्याबद्दल छान लिहितात. माझा प्रवास उमरेडपर्यंतचा, तासाभराचा. त्यावर काय लिहावं, असा संकोच मला अजूनही वाटतो. पण त्या दिवसाइतका लांब रस्ता मी दुसरा पाहिलेला नाही.

जाताना काही झालं नाही. विहीरगाव, पाचगाव, चांपा अशी गावं मागे गेली. दोन्ही बाजूंना नांगरून ठेवलेली काळी रानं, मधेच पळसाची वाळकी झाडं, आणि समोरून कोळशाचे ट्रक. ट्रक गेला की काचेवर बारीक काळी भुकटी बसायची. काटा अर्ध्यावर होता. मी त्याच्याकडे इतक्या वेळा पाहत होते की बाबांनी शेवटी डॅशबोर्डवर आपला रुमाल टाकून तो झाकला.

उमरेडला मोठेबाबा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेले होते. माग बंद होता. समोर पांढऱ्या सुताचा ताणा तसाच लावलेला.

"आली का नागपूरची स्वारी!" ते म्हणाले. माझ्याकडे तोंड होतं, पण नजर माझ्या खांद्यावर. "आशू व्हय ना? का आणखी कोणाले घेऊन आला गा?"

"आशूच हाय दादा," बाबा म्हणाले. "चला, बसा गाडीत."

"जेवल्याशिवाय?"

मोठ्याईंनी (त्यांच्या बायकोला आम्ही मोठ्याई म्हणतो) पाटोडी रस्सा केला होता. बेसनाच्या वड्या, वर तेलाचा लाल तवंग, ज्वारीची भाकर आणि कांदा. नवतप्यात असं जेवू नये म्हणतात, पण त्या ताटापुढे कोण ऐकणार? मोठेबाबा सावकाश जेवत होते. फार सावकाश. भाकरीचा तुकडा मोडायचा, चाचपायचा, कांदा शोधायचा. मला पुढे सरकून कांदा त्यांच्या हातात द्यावासा वाटला, पण धीर झाला नाही. मग पान, मग चंची सापडेना, मग चप्पल बदलायची. दुपार भरात आली.

निघायच्या आधी बाबांना एक युक्ती सुचली. मोठेबाबांच्या खिडकीतल्या कूलरला नुकत्याच नव्या ताट्या (पाणी झिरपतं त्या गवताच्या चौकटी) बसवल्या होत्या. एक जुनी वाळ्याची ताटी भिंतीशी पडलेली होती. बाबांनी ती पाण्यात बुडवली आणि सुतळीने व्हॅनच्या तोंडाला, हवा आत घेणाऱ्या जाळीपुढे, घट्ट बांधली.

"आता पाह्य," ते मला म्हणाले. "घरात कूलर, गाडीले काहून नको? आत जाईन ते थंडच जाईन. दादाले सीटचा चटका नाही लागला पाहिजे."

मोठेबाबांना पुढे बसवायचं होतं. मी मागे गेले. ताटीतून पाणी ठिबकत होतं, वाळ्याचा वास येत होता, आणि मलाही ती युक्ती चांगलीच वाटली.

चांपा यायच्या आतच मोठेबाबा म्हणाले, "सुरेश, माझ्या खालून वाफ येऊन राहिली गा."

बाबांनी रुमाल उचलला. काटा लाल रेघेला टेकला होता.

एका चहाच्या टपरीजवळ लिंबाच्या सावलीत गाडी घेतली. बाबांनी इंजिन बंद केलं, मोठेबाबांना उतरवलं आणि सीट उचलली. आतून भट्टीसारखा झोत आला. खाली पाणी गळत नव्हतं, पट्टा जागेवर होता. पंखा इंजिन बंद केल्यावरही घरघरत होता, म्हणजे तोही चालू. झाकणाला मात्र बाबांनी हात लावला नाही. गरम झाकण उघडलं की उकळतं पाणी तोंडावर येतं, एवढं मलाही माहीत होतं.

टपरीवरच्या काकू म्हणाल्या, "आमच्या घरच्या गाडीचं असंच झालं होतं. मग भंगारातच गेली."

"असं नका म्हणू वं बाई," बाबा म्हणाले.

बाकावर एक ट्रकवाले भाऊ कांदेपोहे खात होते. ते उठलेही नाहीत. "इंजिनचं हेड गेलं," तिथूनच म्हणाले. "शंभर टक्के हेड. आता वढूनच न्या लागते."

बाबांचा चेहरा उतरला. गाडी गेली तर जूनमध्ये शाळेची मुलं कशात नेणार? पण ते बोलले वेगळंच. "दादा, अर्धा घंटा. थंडी होऊ द्या. मग निघू."

मोठेबाबा चहा फुंकत होते. "उमरेडची बस इथं थांबते का वं?" त्यांनी काकूंना विचारलं.

"हात दाखवला की थांबते."

बाबा माझ्याकडे पाहायला लागले. मी घड्याळ पाहिलं आणि लगेच हात खाली घेतला, जणू माझ्या पाहण्याने ते पुढे सरकेल.

इंजिन निवल्यावर बाबांनी पाणी पाहिलं. थोडंच कमी होतं. ते भरलं, ताटीवरही एक बादली ओतली, आणि आम्ही निघालो. पाचगावच्या अलीकडे काटा पुन्हा लाल. या वेळी सावलीही नव्हती. रस्त्याच्या कडेला गाडी उभी, वर ऊन, आणि गरम वारा असा की डोळे मिटावेत.

मोठेबाबा स्वतःच दार उघडून उतरले. पिशवी काखेत घेतली. "हे पाह्य सुरेश, तुही काही चूक नाही. माझ्या नशिबातच नाही. मी जातो बसनं वापस."

"दादा, असं काय करता गा?"

"मग काय करू? रोडवर भाजून निघू?"

रस्त्याच्या पलीकडे जायला ते निघालेसुद्धा. ट्रकचा हॉर्न वाजला, बाबांनी धावत जाऊन त्यांना दंडाला धरलं. दोघं भाऊ कडेला उभं राहून एकमेकांशी भांडायला लागले. मी गाडीजवळ एकटी राहिले.

मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजात जाणारी पहिलीच. म्हणून काहीही अडलं की सगळे म्हणतात, "तुले माहीत असेल." उष्णतेचा धडा मी शिकले आहे, पण इंजिनवरची सीट कशी उचलतात हेही मला तोवर माहीत नव्हतं. मी नुसती विचार करत होते की सकाळी हाच रस्ता होता, हीच गाडी होती, आणि काटा अर्ध्यावर राहिला होता. दुपारी दोनच गोष्टी बदलल्या. ऊन वाढलं आणि ताटी आली.

मी पुढे जाऊन ताटीला हात लावला. वाळा हाताला लागलाच नाही. ओल्या गवतावर कोळशाची भुकटी आणि रस्त्याची माती बसून त्याचा लेप झाला होता, वरून उन्हाने वाळून कडक. बादलीभर पाण्याने तो फक्त आणखी घट्ट झाला होता. मोठ्याईंनी वाटेसाठी पाटोडी बांधून दिलेल्या वर्तमानपत्राचा एक तुकडा मी फाडला. पंखा अजून फिरत होता, हवा आत ओढत. तुकडा ताटीवर ठेवला, तर तो घसरून खाली पडला. पुन्हा ठेवला, पुन्हा पडला. मग सुतळी थोडी सरकवून ताटीचा एक कोपरा वर केला आणि कागद आतल्या जाळीपाशी नेला. तो चपकन चिकटला.

मला आनंद व्हायला हवा होता. पण ही युक्ती बाबांची होती, मोठ्या भावासाठी केलेली, आणि ती चुकली हे मला त्याच भावासमोर सांगायचं होतं. बाबांनी मला शिकवायला काय काय केलं ते मी जाणते. मला वाटलं, रेडिएटर, पंखा, हेड, काहीही बिघडलेलं चाललं असतं.

लांबून धुळीत बस दिसली.

"बाबा," मी म्हणाले. ते भांडतच होते. "बाबा! इकडे येता का?"

"थांब जराशी!"

"ताटीतून हवा जाऊन नाही राहिली."

त्यांनी मोठेबाबांचा दंड सोडला. मग आले. मी कागद ताटीवर ठेवला. पडला. कोपरा उचलून जाळीपाशी नेला. चिकटला. बाबा त्या कागदाकडे पाहत राहिले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"म्हणजे मीच तापवली का गाडी?" ते हळू म्हणाले.

मी कागद जाळीवरून काढून घेतला.

तेवढ्यात मोठेबाबा आमच्या आवाजाच्या रोखाने चाचपत आले. "काय झालं? काय पाहून राहिले?" त्यांनी ताटीवरून हात फिरवला. आडवा, मग उभा, मग दोन बोटांत चिमटीत धरून. "अरे, हे तं जाडंभरडं कापडच झालं गा. सुरेश! भर नवतप्यात तू गाडीले गोधडी पांघरली?"

आणि ते हसायला लागले. पिशवी खाली पडली. हसता हसता खोकला आला, मग पुन्हा हसू. "गोधडी! घाम काढला बिचारीचा!" बाबा आधी चिडले, मग सुतळी दातांनी तोडता तोडता त्यांनाही हसू आवरेना. बस आमच्यापुढून गेली. कोणी हात दाखवलाच नाही.

धूळ बसल्यावर मोठेबाबांनी विचारलं, "गेली का वं बस?"

"गेली, मोठेबाबा."

"हम्म." त्यांनी पिशवी झटकली. "मग बसा आता गाडीत. काय करता?"

ताटी आम्ही बांधावर ठेवून दिली. काटा खाली यायला वेळ लागला, पण आला, आणि दिघोरीपर्यंत तिथेच राहिला. ट्रकवाले म्हणाले होते तसं हेड काही गेलेलं नव्हतं.

धंतोलीत गाडी लावायला जागा मिळेना. बाबा गल्ल्यांतून फिरत राहिले आणि मी मोठेबाबांचा हात धरून दवाखान्यात धावले. आत बाकांवर साऱ्या विदर्भातली माणसं. कोणी गडचिरोलीचं, कोणी वाशीमचं, पायांशी डबे आणि पिशव्या. पाच वाजायच्या थोडं आधी आमचा नंबर लिहिला गेला. डॉक्टरांनी तपासलं आणि परवाच एका डोळ्याचं ऑपरेशन करू म्हणाले. तोवर आमच्याकडे नंदनवनात राहायचं ठरलं.

मोठेबाबा डोळ्यांत औषध घालून, मिटल्या डोळ्यांनी बाकावर बसले होते. माझा हात सोडला नव्हता.

"आशू, सुरेशले सांग, मी उद्याच जातो घरी."

"का, मोठेबाबा?"

त्यांनी माझा हात आणखी घट्ट धरला. मग म्हणाले, "भेव वाटते वं. आता धूसर तरी दिसते. उद्या तेही गेलं तं?"

दिवाळीपासूनच्या सगळ्या कारणांखाली हे एवढंच होतं. आम्ही कोणी विचारलंच नव्हतं.

"तुले नाही वाटलं भेव?" त्यांनी विचारलं. "बापाले सांगताना?"

"वाटलं ना. खूप."

"मग?"

"भीत भीतच सांगितलं."

त्यांनी मान हलवली. मग पाठ भिंतीला टेकून बसले. बाबा घामाघूम होऊन आत आले तेव्हा त्यांना म्हणाले, "परवाचं पक्कं कर गा. मी भीत भीत येतो."

ऑपरेशन झालं. काही दिवसांनी आम्ही तिघं सकाळीच त्याच रस्त्याने उमरेडला निघालो. मोठेबाबा काळा चष्मा लावून पुढे बसले होते आणि सारखे तक्रार करत होते. हा रोड एवढा घाणेरडा होता का, पळसाची झाडं कोणी तोडली, चांप्याच्या टपरीवर एवढ्या माश्या होत्या अन् तुम्ही मले चहा पाजला. बाबा हसत गाडी चालवत होते.

मधेच मोठेबाबांनी चष्मा थोडा वर उचलला. डॉक्टरांनी नाही म्हटलं होतं तरी. मान वळवून ते बाबांकडे पाहत राहिले, मी बसले होते तिथून मला दिसत होतं. बाबांचे कानामागचे केस, गालावरची ती बसलेली खळगी, मानेवरचे सुरकुतलेले पट्टे. रोज समोर असून मीही ते नीट पाहिलं नव्हतं.

"सुरेश," ते म्हणाले, "तू कवा एवढा बुढा झाला गा?"

 बाबांनी नुसता गिअर बदलला, आणि मोठेबाबांनी चष्मा खाली करून आपला हात त्यांच्या खांद्यावर ठेवला. उमरेड येईपर्यंत तो तिथेच होता.