मलकपेठचं सरकणारं बॅरिकेड

ती घटना आजही आठवली की आधी माझा काळा गॉगल डोळ्यांपुढे येतो. मलकपेठेत मी वाहतूक निरीक्षक होते. गॉगल लावला की आरोपी आपोआप कबुली देतात, असा तेव्हा माझा ठाम समज होता. काय ध्यान होतं!

हमरस्त्यावर पुलाचं काम चालू होतं. तीनपैकी एक पट्टा कामासाठी बंद, दोन वाहनांसाठी खुले. पण रोज सकाळी कोणीतरी बॅरिकेड ओढून आणखी एक पट्टा अडवायचं. मग दुपारपर्यंत कोंडी. ॲम्ब्युलन्ससुद्धा अडकायची.

चहावाल्याने खबर दिली, की एक ऑटोवाला बॅरिकेडला हात लावतो. दुसऱ्याच दिवशी त्याला रंगेहाथ पकडलं आणि ऑटो जमा केला.

"का सरकवतोस?"

"हटाया नै मॅडम, वापस जगह पे लगाया. ओढतात ते तुमचेच लोक."

"पोलिसांवर आरोप करतोस?"

"कल सुबह खुद आके देखो ना. चष्मा निकालके."

माझा हवालदार एकदम खोकायला लागला. खोकला कसला, हसू दाबत होता मेला.

सकाळी मी चिडूनच तिथे गेले. साधी साडी, हातात भाजीची पिशवी. बघते तर मंत्र्यांचा रोजचा ताफा येणार म्हणून माझेच शिपाई बॅरिकेड ओढून एक पट्टा राखून ठेवत होते. ताफा गेला, तसे तेही जीपमध्ये बसून पुढच्या चौकात. बॅरिकेड तिथेच.

वरिष्ठांना सांगितलं. ते म्हणाले, "बाई, ऑटोवाल्यावर गुन्हा नोंदवा, विषय मिटवा."

म्हणजे त्याची रोजीरोटी ठाण्याच्या आवारात सडू द्यायची!

"नोंदवते साहेब. आरोपी म्हणून माझ्या शिपायांची नावं घालते. चालेल?"

मी ऑटो सोडला. दुसऱ्या सकाळी बॅरिकेडला कोणाला हात लावू दिला नाही. ताफा बसच्या मागे, मुकाट्याने रांगेत. वायरलेस ओरडत होता, "रस्ता मोकळा करा!"

"मोकळाच आहे साहेब. दोन पट्टे आहेत. येऊ द्या."

आठवड्याभरात बदली झाली. या तपासाने मला एवढंच शिकवलं, की रस्ता कोण अडवतंय हे शोधताना आधी आपल्या माणसांकडे बघावं. बदलीचं दुःख केलं नाही. जाताना लेखी हुकूम ठेवून गेले: ताफा कोणाचाही असो, बॅरिकेड ज्याने हलवलं त्यानेच जागेवर लावायचं, मगच जीपमध्ये बसायचं.

तो हुकूम रद्द करायचा तर कोणा साहेबाला सहीनिशी लिहावं लागेल, की रस्ता आम्हीच अडवतो. अजून कोणी लिहिलेलं नाही.