खिडकीतलं हळदीकुंकू

आधीच सांगतो, भुताखेतांवर, भासांवर माझा काडीचा विश्वास नाही. भोपाळच्या एका सरकारी कारखान्यात इंजिनीअर आहे, पिपलानीत क्वार्टर आहे, आणि असले 'अनुभव' सांगणाऱ्यांची कँटीनमध्ये सगळ्यात जास्त टिंगल मीच करतो. त्यामुळे हे लिहिताना लाज वाटतेय... पण लाजेचं खरं कारण वेगळंच आहे.

माझी मावशी दर हिवाळ्यात पुण्याहून दिल्लीला मुलाकडे जायची. गाडी दुपारी भोपाळला थोडा वेळ थांबायची. तेवढ्यासाठी आई सकाळपासून खपून डबा करायची — गुळाच्या पोळ्या, मटारची उसळ — आणि मी तिला स्कूटरवरून स्टेशनला न्यायचो. दोघी बहिणींची वर्षातली भेट ती एवढीच. निघताना मावशी पर्समधला करंडा काढून खिडकीतूनच आईला हळदीकुंकू लावायची, मग दोघी रडायच्या. आदल्या वर्षी तर गाडी सुटली तरी आईने तिचा हात सोडला नाही, तशीच खिडकीबरोबर चालत राहिली. नेमका कारखान्यातल्या आमच्या विभागातला एकजण तिथे होता. त्याने कँटीनमध्ये नक्कल करून दाखवली. मीही हसलो.

म्हणून त्या वर्षी आईला थाप मारली. तिचे गुडघे दुखायचेच. म्हटलं, "स्टेशनवरचा सरकता जिना बंद आहे. पूल चढायला तुला जमणार नाही. मी देऊन येतो डबा."

आईचा चेहरा उतरला. "ताईला म्हणावं, वाईट वाटून घेऊ नकोस," एवढंच म्हणाली.

त्याच सरकत्या जिन्यावरून मी आरामात प्लॅटफॉर्मवर पोहोचलो. मावशी स्लीपरच्या खिडकीशी बसली होती. हिरवी साडी, बरीच वाळलेली. डबा दिला आणि आई का आली नाही ते सांगायला तोंड उघडलं, तर ती माझ्या खांद्यामागे बघून म्हणाली, "अगं शालू, किती धापा टाकतेस! हळू यायचं ना!"

शालू म्हणजे माझी आई. मी वळून पाहिलं. एक चहावाला होता आणि सामान उचलणारं एक कुटुंब... बस.

"मावशी, आई घरी आहे."

"थांब रे तू जरा!"

ती बोलत राहिली. मध्येच थांबून ऐकायची, हसायची. मग करंडा काढला आणि गजांतून हात बाहेर काढून, माझ्या खांद्याजवळ हवेतच हळदीकुंकू लावलं. आईचं कपाळ येतं, बरोबर तेवढ्या उंचीवर. समोरच्या बर्थवरची मुलगी माझ्याकडे कीव आल्यासारखी बघत होती. मला इतकं ओशाळं झालं, की गाडी हलायच्या आत मी तिथून सटकलो.

घरी आई व्हरांड्यात मटार सोलत होती. सोबतीला शेजारच्या तिवारी भाभी. मी विचारलं, तर त्या म्हणाल्या, "माताजी तो यहीं थीं भैया. बैठे-बैठे ज़रा झपकी लग गई थी, बस."

आईच्या कपाळावर नेहमीची टिकली होती. आणि टिकलीच्या वर हळदीकुंकवाची बोटं. भाभींनी लावलं नव्हतं.

"ताई फार वाळली रे," आई म्हणाली. "त्या हिरव्या साडीत तर जास्तच दिसते." मग शेंग सोलता सोलता, माझ्याकडे न बघता — "आणि सरकता जिना तर चालू होता की."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी बूट काढायच्या निमित्ताने खाली वाकलो आणि बराच वेळ तसाच राहिलो.

दुसऱ्या दिवशी दिल्लीहून मावशीचा फोन आला, तो मी उचलला. "शालू एवढी धापा टाकत आली, फार बरं वाटलं." दोघी नेहमीसारख्या गप्पा मारत बसल्या. उन्हाळा लागायच्या आत मावशी दिल्लीतच गेली.

साडीचा रंग आधी फोनवर कळला असेल, हळदीकुंकू आईने झोपेत स्वतःच लावून घेतलं असेल... सगळे तर्क करून झाले. जिन्याचं उत्तर आजही सापडलेलं नाही. आणि खरं सांगू? हल्ली मी शोधतही नाही. कारण ते सगळे भास होते असं ठरलं, तर दोघींची शेवटची भेट मी बुडवली असंही ठरतं.