नळाशेजारचा खळगा

वहिनींनी आयुष्यात दारूचा थेंब तोंडाला लावला नाही, पण जन्म गेला बारमध्ये. नवरा काउंटरमागे ग्लास भरायचा, त्या सकाळी येऊन विसळायच्या. वहिनी हे नाव गिऱ्हाइकांनीच पाडलेलं. नणंद टोमणा मारायची, आमच्या दादाने संसारही गुत्त्यातच थाटला. त्यावर वहिनी शांतपणे म्हणायच्या, कोपऱ्यातली खुर्ची कुणाची ते तुमच्या यजमानांना विचारा.

बार मालकाच्या पणजोबांच्या काळातला. काउंटरला नळाशेजारी एक खळगा पडला होता. ग्लास भरताना डावा तळवा तिथे टेकायची आधीच्या बारवाल्याची सवय नवऱ्याने उचलली होती. नवरा वारल्यावर वहिनी फडकं मारत तिथवर आल्या, की फडकं बाजूला ठेवून आपला तळवा टेकवायच्या. हे कुणाला सांगायचं, आणि काय म्हणून?

मग जागा विकली गेली. तिथे टॉवर येणार होता, तळाला गाड्या. निरोपाला जुनी गिऱ्हाइकं जमली, भाषणं झाली, आरशापुढे फोटो निघाले. वहिनींनी मालकाकडे काउंटरचा नळाकडचा तुकडा तेवढा मागितला. न्या की, तो म्हणाला, नाहीतरी भंगारातच जायचाय.

मुलगा सुतार. त्याला त्यांनी एवढंच सांगितलं, की तो तुकडा घरी हवा. त्याने तो कापून आपल्या कारखान्यात नेला. मधल्या दिवसांत बार पाडला. वहिनी बघायला गेल्या नाहीत. माझं होतं ते बाहेर निघालंय, असं सुनेला म्हणाल्या.

रविवारी मुलगा आला तो टेबल घेऊनच. चार पाय, गोलसर कडा, चकचकीत पॉलिश.

"काय दशा होती गं आई लाकडाची! एक खड्डा तर असला खोल, रंधा मारून मारून हात भरून आले. आता बघ."

वहिनींनी टेबलावरून तळवा फिरवला. मग उलट्या बाजूने फिरवला. तो कुठेच अडला नाही.

"आवडलं ना?"

"छान झालंय," त्या म्हणाल्या. "दमला असशील. बस."

मुलगा खुशीत पहिला जेवायला बसला. सून गॅसवरचं भांडं तसंच टेबलावर ठेवायला गेली, तसा तो ओरडला, डाग पडेल.

"पडू दे रे," वहिनी म्हणाल्या. "पडलेला बरा."