शिवणी बाहेरच्या बाजूला

ईशा, आपल्या गल्लीतला शिंपी कुठलंही कापड आधी स्वतःच्या मानेवर घासून पाहतो. ही सवय त्याला निहारमुळे लागली. जरा शिवण टोचली की तुझा स्वमग्न भाऊ शर्ट काढून फेकायचा.

त्याला समजून घेणारी शाळा मिळावी म्हणून तुम्ही परदेशी गेलात. पण तिथला गणवेश तो अंगाला लागू देईना. मग मापं मागवून शिंप्याने इथेच शर्ट शिवला, सगळ्या शिवणी बाहेरच्या बाजूला.

"अरे, शाळेत म्हणतील, उलटा घातला!" मी म्हटलं.

"यवतमाळची फॅशन हाय म्हना, आजी!"

काल तुझ्या आईने पाठवलेला निहारचा वर्गातला व्हिडिओ शिंप्याने तीनदा पाहिला. शाळेबद्दल काहीच विचारलं नाही.

"मान खाजवून नाई राह्यला पोरगा," एवढंच म्हणाला आणि पुढचं कापड मानेवर घासू लागला.