कोकिळेनं ओळखलेली खिरापत

एकसष्ट-बासष्ट सालची गोष्ट. धाड गावच्या गुलाबरावांची पोरगी कोकिळा अंगानं चांगली भरलेली होती. म्हातारी माणसं कौतुकानं म्हणत, खात्यापित्या घरची लेक. सातवीतल्या मैत्रिणी म्हणत, कणगी. ज्वारी भरायच्या कणगीचं नाव पोरीला ठेवलं आणि वर दात काढत हसायच्या, कार्ट्या मेल्या.

भाद्रपदातल्या पुनवेपासून महिनाभर या पोरी घरोघरी भुलाबाईची गाणी म्हणत. गाणी संपली की घरची बाई झाकलेला डबा हलवून आतली खिरापत ओळखायला लावी. कोकिळेचं नाक मोठं तिखट. फुटाणे असोत की खोबऱ्याची वडी, झाकणाआडून सांगायची. पहिल्याच दिवशी तिनं ओळखलं आणि पोरी खिदळल्या, "खायाचं हिलेच कळते!" तेव्हापासून ती तलाठ्याच्या स्नेहलतेच्या कानात सांगू लागली. स्नेहलता अगदी काडी. ती मोठ्यानं बोलली की बायका म्हणत, "पोरगी लय हुशार हाय."

शेवटच्या दिवशी ज्यांच्या घरी गाणी झाली, त्या रुखमाबाईंनी अट घातली. जी खिरापत ओळखेल, तिनंच भुलाबाईची मूर्ती मांडलेला पाट डोक्यावर घेऊन नदीवर शिरवायला जायचं. कोकिळेला तो मान हवा होता. फार हवा होता.

डबा काही केल्या वाजेना. चिवडा? नाही. लाडू? नाही. स्नेहलतेनं कोपर मारलं, "सांग न वं." कोकिळेला जायफळाचा वास केव्हाच आला होता. बोललं तर पुन्हा तेच हसणं, आणि नाही बोललं तर पाट स्नेहलतेच्या डोक्यावर.

"सांजोऱ्या," ती मोठ्यानं म्हणाली.

रुखमाबाईंनी झाकण काढलं. सांजोऱ्याच होत्या. झालं, पोरी सुरू झाल्या, "कणगीलेच कळनार!"

कोकिळा पोरींकडं वळली.

"महिनाभर स्नेहलतेनं ओळखलं तव्हा तिले हुशार म्हनलं न? आता म्या ओळखलं. मले बी हुशारच म्हना."

स्नेहलता खाली बघत होती. शेवटी तीच पुटपुटली, "हुशार हाय. रोज हीच सांगे मले."

रुखमाबाई पाट उचलून कोकिळेच्या डोक्यावर ठेवायला पुढे आल्या, तर ती दोन पावलं मागं सरली.

"थांबा न मावशी," ती म्हणाली, "बाकीच्याइचं मले हुशार म्हनायचं राह्यलं."