एकटीचं मलम

शिंपीकाकांची थोरली लेक पाळणाघरात कामाला होती. अभ्यासात तिचं डोकं यथातथाच, पण रडून लालबुंद झालेलं पोर तिच्या खांद्यावर आलं की गप्प व्हायचं. त्या कामावर तिचा भारी जीव.

तिला खरूज झाली. आधी बोटांच्या बेचक्यांत, मग मनगटांवर, मग पोटावर. पाळणाघराच्या बाई म्हणाल्या, "बरी होऊन ये. पण पुन्हा झालं तर तुला ठेवता येणार नाही गं."

डॉक्टरीणबाईंनी मलम देऊन बजावलं, "घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं, खाजत असो वा नसो. मानेपासून तळपायापर्यंत. आणि अंथरुणं-पांघरुणं उकळत्या पाण्यातून काढा."

हे घरी सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. "मला कुठे काय झालंय?" मशीनवर बसलेले वडील म्हणाले, आणि मापाची लाकडी पट्टी सदऱ्यात खुपसून पाठ खाजवू लागले. "ही उष्णता आहे." आईची धास्ती वेगळीच. "सगळी पांघरुणं एकदम वाळत दिसली तर शेजारी काय ते समजतील. लग्नाची मुलगी आहेस." भाऊ चौकटीला पाठ घासत हसला, "तुझं मलम तूच लाव." माणसं वाईट नव्हती, हेच तिचं दुर्दैव. वाईट असती तर भांडता तरी आलं असतं.

तिने एकटीने लावलं. बरी झाली, कामावर गेली, आणि घरी त्याच पांघरुणात आईशेजारी झोपत राहिली. व्हायचं तेच झालं. खाज परतली, आणि या वेळी पाळणाघरातल्या एका तान्हीच्या तळव्यांवरही पुरळ उठलं. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी तिचा डबा दाराबाहेर आणून हातात दिला. तिला मरणाची लाज वाटली. आत कुणीतरी रडत होतं. कोण, ते तिला आवाजावरून कळलं, पण आत जायची सोय उरली नव्हती.

"एकेकाचं नशीब," आई म्हणाली.

पुढे वडिलांचं पट्टीने भागेना. एका संध्याकाळी ते तिच्याजवळ येऊन बसले. "अगं, ते मलम उरलंय का? जरा पाठीला लावून दे."

"बाबा, सगळ्या अंगाला लावावं लागतं. आणि सगळ्यांनीच."

"मला पाठीलाच खाजतंय," म्हणत त्यांनी सदरा वर केला.

तिने ट्यूब उघडली आणि पाठीला लावून दिलं.