न काढलेला ईसीजी

सोलापुरातल्या एका खासगी रुग्णालयात प्रभुलिंग अठरा वर्षं ईसीजी काढायचं काम करत होता. त्याच्या हातून काय घडलं, हे तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी अक्कलकोटच्या नागम्मा हृदयाच्या ऑपरेशनसाठी दाखल झाल्या. कडक भाकऱ्या करून विकणारी, बोलकी बाई. प्रभुलिंगला त्या तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणायच्या. ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी दुपारी त्यांनी त्याला थांबवलं.

"तम्मा, छातीत लई फडफडतंय की."

"व्हतं तसं, अक्का. टाके ताजे हायत."

प्रभुलिंगला पुतणीच्या साखरपुड्याला जायची घाई होती. त्यानं मशीन लावलंच नाही. वहीत 'ठोके नियमित' लिहिलं आणि बस गाठली.

परत आला तेव्हा नागम्मांचा उजवा हात लुळा पडला होता. ठोके बिघडून हृदयात रक्ताची गुठळी झाली, ती मेंदूत गेली, असं डॉक्टर घरच्यांना सांगत होते. वही कुणी उघडली नाही. प्रभुलिंगला मात्र जेवताना भाकरी मोडली की तो हात दिसायचा.

यंदा नागम्मा पुन्हा आल्या. ठोके अजूनही अधूनमधून बिघडत. पुण्याहून आलेल्या डॉक्टरीणबाई शरीरात तार न घालता हृदयाचा नकाशा काढणार होत्या. शेकडो सेन्सर लावलेलं जाकीट घालायचं, त्यातच सीटी स्कॅन करायचा, मग बिघाड कुठून उठतो ते संगणक दाखवणार.

नर्सनं जाकीट चढवलं. वायरी जोडता जोडता प्रभुलिंग मध्येच थांबला.

"काय झालं रं?"

"अक्का, त्या दिवशी मी तपासलंच न्हाय. वहीत खोटं लिवलं."

नागम्मांनी डाव्या हातानं लुळा हात मांडीवर ओढून घेतला.

"सून म्हणती, मीच गोळ्या उशीखाली लपवल्या म्हणून मला असं झालं. दोन वर्सं ऐकून घेतलं मी. तिला सांगशील?"

आपल्या चुकीचा बोल नागम्मांना लागत असेल, हे त्याच्या कधी मनातही आलं नव्हतं. तो बाहेर गेला आणि बाकावर बसलेल्या सुनेसमोर सगळं बोलला. मग डॉक्टरांनाही सांगितलं.

नकाशात डाव्या वरच्या कप्प्यातली जागा सापडली. पुढच्या महिन्यात डॉक्टरांनी बारीक नळी घालून ती जाळली, ठोके जागेवर आले. हात तसाच राहिला. प्रभुलिंगला ईसीजीवरून काढून औषधांच्या गोदामात टाकलं. त्यानं तक्रार केली नाही. नागम्मांनी माफ केलं का, हे विचारायचं धाडस त्याला अजून झालेलं नाही.